पोरीला कोण धरणार

ब्रेडनट गली, सेंट एलिझाबेथ
१२ मार्च १९८४

माझ्या कुत्र्याने जगायचं की मरायचं, हे आता किंग्स्टनमधला माणूस टाइपरायटर बडवून मला कळवणार! मी तुला विचारलं होतं, पोरीचा खोकला गेला का. उत्तर तुझ्या नवऱ्याचं. कागद असा कडक की त्यात तळलेली मासळीसुद्धा गुंडाळता येईना. वर काय, तर 'माननीय मॅडम'. नोव्हलेट, मी मॅडम कधीपासून झाले गं? या खोऱ्यात मला मिस आयसी म्हणतात, आणि जे मागे बोलतात ते आणखी काहीतरी म्हणतात.

पत्रात लिहिलंय की कुत्र्याला, माझ्या मेजरला, ईस्टरच्या आत 'कायमचा दूर' करावा. म्हणजे गोळी घालावी. नाहीतर बाप्तिस्म्याच्या दिवशी चर्चमध्ये पाण्याच्या कुंडावर पोरीला मी धरायचं नाही. तुझ्या शाळेच्या मोठ्या बाई धरतील.

आपल्या घरात मूल पाण्यावर कोण धरतं, हे त्या माणसाला कुणी सांगितलंय का? घरातली सगळ्यात म्हातारी बाई धरते आणि तिच्या हातातून चर्चचा पार्सन घेतो. तुझ्या आईला माझ्या सासूने धरलं. तुला मी धरलं, आणि पुढच्याच महिन्यात तुझी आई तुला माझ्याकडे टाकून इंग्लंडला गेली, ती अजून यायची आहे. तेव्हा तुला धरायला मोठ्या बाई आल्या नव्हत्या.

आता कुत्र्याचं. जे झालं ते तुझ्या डोळ्यांसमोर झालं, पण त्याच्या पत्रात ते उलटं होऊन आलंय, म्हणून सरळ करून लिहिते. त्याने चिंचेखाली गाडी उभी केली, फाटक ढकललं आणि धाड धाड आत आला. तोंडातून शब्द नाही. आपल्याकडे माणूस फाटकाशी थांबतो आणि हाक घालतो, 'कुत्रं धरा!' पार्सन घालतो. पोलीस घालतो. शवपेटी घेऊन आलेला सुतारसुद्धा घालतो, घरात रडारड चालू असली तरी. हाक आली की आतल्या माणसाने कुत्रं धरायचं आणि मग पाहुण्याने यायचं. न ओरडता येतो तो चोर. त्याने हाक घातली नाही, मी कुत्रं धरलं नाही. हो, मी व्हरांड्यातच होते. तुरीच्या शेंगा सोलत होते. मला तो चांगला दिसत होता. मग?

आणि मेजरने त्याची पोटरी नुसती धरली. फाडायची असती तर तो आज टाइप करायला बसला नसता, खाटेवर असता.

वर तो तुला घेऊन गेला. सहाव्या दिवशी! बाळंतिणीने नऊ दिवस उंबरा ओलांडायचा नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. तू मात्र माझी शाल डोक्याला गुंडाळून गाडीत बसलीस आणि समोर बघत राहिलीस. मला वाटलं, नवऱ्यापुढे तुझी जीभ टाळ्याला चिकटली.

तुझ्या लग्नात पार्सनने विचारलं होतं, कुणाची हरकत असेल तर आत्ता बोला, नाहीतर कायमचं मौन धरा. मी पहिल्या बाकावर होते. त्याचा सूट बघितला, बूट बघितले, दात आवळले आणि मौन धरलं. आता सोडलं.

कुत्रं मरणार नाही. पोरीला मी धरणार. हे त्याला वाचून दाखव. मोठ्याने.

आयसिल्डा


ब्रेडनट गली
२८ मार्च

पुन्हा टाइप! तुझ्या हाताला लकवा झालाय का?

या वेळी 'मॅडम'ही गेली, सरळ मुद्द्यांना एक-दोन-तीन असे आकडे. पहिला मुद्दा, कुत्रं धोकादायक. दुसरा, 'परिसर अर्भकास योग्य नाही'. त्या शब्दाचा अर्थ लावायला मला पाव सकाळ लागली. अर्भक म्हणजे पोर ना? मग पोर म्हण की. तिसरा, घरात रॉकेलचा धूर, छताला पाली, संडास लांब आणि वाटेत चिखल.

याच धुरात तू बाळसं धरलंस. माझी शेळी विकून तुला मास्तरीण व्हायच्या शाळेत घातली, तेव्हा त्या पैशांना रॉकेलचा वास येत नव्हता. जाऊ दे. मला वेगळंच विचारायचंय. तो माणूस आमच्या अंगणात पाच मिनिटंही थांबला नाही. व्हरांड्यापर्यंत आला, पोटरीला फडकं बांधलं आणि गेला. मग छताच्या पाली त्याला कुणी दाखवल्या? आमच्या संडासाकडे तर त्याने मानही वळवली नव्हती. रस्त्यावरून दिसतो का चिखल?

तू सांगत असशील. सांग. बायको नवऱ्याला सगळं सांगते. पण मग आजीने तुला पाटीत बसवून पावसातून संडासाला कसं नेलं, तेही सांगायचं होतंस.

मेजरचं म्हणशील तर, समोर राहते ती मिस व्हाय, तिचा भाऊ खाली समुद्राकडे मासे मारतो. त्याला कुत्रं हवं होतं. रविवारी त्याच्या गाडीत मेजरला घातला. आता यावरून मी तुमच्यापुढे नमले असं धरून चालू नकोस. कुत्रं फार खातं आणि मक्याच्या पिठाला हल्ली सोन्याचा भाव आहे, म्हणून दिला. मला काही तो डोळ्यांसमोर लागतो असं नाही.

बुधवारी परत आला. एवढ्या लांबून, डोंगर चढून. पंजे सोलवटलेले. मी त्याच्याशी बोलले नाही. खायला घातलं, बस.

व्हाय म्हणते, "विष घालते, आयसी, तुला कळणारही नाही, सकाळी नुसतं पुरायचं." मी म्हटलं, "तुझ्या हातचं जेवून तुझा नवरा गेला, तेवढं पुरे नाही का?" दोन दिवस अबोला धरून होती. काल मीठ मागायला आली.

बाप्तिस्म्याची तारीख कळव. माझा पांढरा झगा काखेत आवळतो, उसवून सैल करायला वेळ लागेल. करणारच असं नाही. पण तारीख कळव.

आयसिल्डा


ब्रेडनट गली
६ एप्रिल

पोर इथे पोचली. दूध पिते. शी नीट होते.

तुझा नवरा ऑर्व्हिल तिला घेऊन आला. तो म्हणतो, तुझं अपेंडिक्स कापून काढलं आणि टाके पिकून ताप आलाय. हा कागद तो इस्पितळात आणून देईल. डॉक्टर देतील त्या गोळ्या घे, नर्सशी भांडू नकोस. कारल्याच्या पानांचा काढा बाटलीत भरून दिलाय. डॉक्टरला विचारून पी. कडू लागला तर नाक धर.

मला जे लिहायचंय ते तुझे टाके सुकेपर्यंत लिहिणार नाही. आजारी माणसाशी भांडायची आपली रीत नाही. दम धरून आहे. पण विसरेन असं समजू नकोस.

आयसिल्डा


ब्रेडनट गली
२५ एप्रिल

तुझे टाके सुकले असं ऑर्व्हिलने काल सांगितलं. म्हणजे आता सुरुवात करायला हरकत नाही.

मी सगळा राग चुकीच्या माणसावर धरला होता.

तो पोरीला घेऊन आला त्या दिवशी दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. गाडी थांबल्याचं ऐकलं आणि खिडकीआडून बघितलं. तोच. सूट नाही, हिरवा शर्ट, खांद्यावर पोर, आणि ती अशी किंचाळत होती की चिंचेवरचे पक्षी उडाले. मेजर उठून फाटकाकडे गेला. मी म्हटलं, बघू या साहेब आता काय करतात.

"कुत्रं धरा!"

असला आवाज मी या गल्लीत ऐकला नव्हता. आपला पार्सनसुद्धा शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही. मी जागची हलले नाही.

"कुत्रं धरा! मिस आयसी, कुत्रं धरा!"

समोरून व्हाय ओरडली, "अगं आयसी, मेलीस की बहिरी झालीस? माणूस तिसऱ्यांदा ओरडतोय!"

"दुसऱ्यांदा!" मी म्हटलं.

"बघा, म्हातारीला ऐकू येतंय!" व्हाय त्याला म्हणाली. "ओरड रे बाबा, आणखी एकदा ओरड."

तो ओरडला. मग काय करणार? रीत ती रीत. मी बाहेर आले, मेजरला गळपट्ट्याने धरला, आणि तो आत आला. मेजरपासून लांबून नाही, जवळून. वाकून त्याला हात हुंगायला दिला. मी पोरीला घेतलं. ती भिजली होती आणि उपाशी होती. बाटलीचं रबर नवीन, भोकच पडलेलं नव्हतं नीट. सुई तापवून पाडलं.

ती प्यायला लागली तसं मी त्याला विचारलं, "एवढा गळा आहे, तर मागच्या वेळी काय झालं होतं? घशात काटा अडकला होता?"

"मागच्या वेळी हातात तार होती, मिस आयसी. 'ताबडतोब ये' एवढीच. मला वाटलं, मूल गेलं नाहीतर बायको गेली. तुमच्या घराला फाटक आहे हेसुद्धा मला दिसलं नाही."

"कसली तार?"

"तुम्हाला माहीत नाही?"

मी तिथूनच हाक मारली, "व्हाय!" ती जणू आपल्या फाटकाला कान लावूनच बसली होती. "नोव्हलेटने तुझ्याकडे तार दिली होती का गं?"

"दिली होती की! पोर झाल्याची खुशखबर आहे म्हणाली, पाकिटात घालून. मी न उघडता पोस्टात नेऊन दिली. का?"

खुशखबर! नऊ दिवस काढायला तू इथे आपल्या पायांनी आलीस, मी पलंगाला नवा गवताचा भरणा केला, आणि पाचव्या दिवशी मला वाटाण्याचं सूप ढवळायला बसवून तू तार केलीस. नवऱ्याने येऊन न्यायचं आणि शिव्या नवऱ्याने खायच्या.

त्याला मी मक्याची लापशी दिली. दोन वाडगे खाल्ली, तिसऱ्याकडे बघत होता, तोही दिला. मी म्हटलं, "शहरातल्या माणसाला हाका घालायला कुणी शिकवलं?"

तो पोट धरून हसला. "मी वाढलो ते आठ बिऱ्हाडांच्या आवारात, मिस आयसी. दाराला एक कुत्रं. आई लोकांची धुणी धुवायची. ती डोक्यावर गाठोडं घेऊन मागे, मी पुढे. फाटकाफाटकाशी ओरडायचं काम माझं. मला हाक घालायला शिकवता होय?"

"आणि बस कंपनीतली साहेबी?"

"साहेबी?" त्याने तळवे पुढे केले. रेषारेषांत वंगण. "मी बसची इंजिनं उघडतो. तुम्हाला काय सांगितलं होतं?"

तू मला सांगितलं होतंस, ऑफिसर. मी त्याला ते सांगितलं नाही. मग मीच ती दोन पत्रं काढून त्याच्यापुढे टाकली. त्याने पहिलं वाचलं. दुसरं वाचलं. खालची सही बोटाने चोळली, पुसून जाईल असं वाटल्यासारखी.

"हे मी लिहिलेलं नाही."

"मग?"

"मला टाइप करता येत नाही. टाइपरायटर तिच्या शाळेत आहे." मग पत्रांची घडी घालत, "कुत्र्याला मारा असं मी म्हणेन? मला आवारातल्या सहा कुत्र्यांनी चावलंय. हे सातवं."

तो पुढे बोलला नसता तर बरं झालं असतं. पण त्याला वाटलं, म्हातारीचं मन दुसरीकडे वळवावं. म्हणाला, "ती मुलींना 'होल्ड' हे क्रियापद शिकवत होती, ती गंमत तुम्हाला सांगितली का? आठवडाभर एकच शब्द. हात धरणे, श्वास रोखून धरणे, सभा भरवणे, पद भूषवणे, फोनवर थांबणे, फळा भरून वाक्यं. आणि मागच्या बाकावरून एक पोरगी विचारते, मिस, आणि 'होल्ड डॉग', म्हणजे कुत्रं धरा?"

मी म्हटलं, "बरोबर विचारलं."

"सगळा वर्ग हसला. आणि नोव्हलेट म्हणाली..." इथे त्याने माझं तोंड बघितलं.

"काय म्हणाली? बोल. लापशी खाल्लीस ना माझी?"

"म्हणाली, ते इंग्रजी नव्हे. ज्यांच्या दाराला घंटा नसते, ती माणसं तसं ओरडतात."

हे तू घरी जेवताना सांगितलंस. आणि हसलीस. तो म्हणतो, तोही हसला, आणि मग त्याला आई आठवली.

नोव्हलेट, तुझी वर्गातली इंग्रजी तुझी तू ठेव. मला त्यातलं काही कळत नाही आणि मला ती शिकायची नाही. पण चालायला लागल्यापासून या फाटकाशी हाक आली की कुत्र्याकडे धावत जाऊन त्याच्या गळ्याला मिठी मारणारी कोण होती? पाहुणे तुला बघून हसायचे, कारण कुत्रं तुझ्यापेक्षा मोठं होतं. त्या मागच्या बाकावरच्या पोरीच्या घरीही अशीच कुणीतरी असेल. तिला तू वर्गासमोर खाली बसवलंस.

आणखी एक. तुझ्या लग्नात सगळ्यात मागच्या बाकावर तपकिरी हॅट घातलेली एक बाई होती. एकटी. केक खातानाही उभी. मी तिला दुसऱ्याच कुणाची पाहुणी समजले आणि तिच्या हातात रिकामी बशी दिली, आत नेऊन ठेव म्हणून. ती ठेवायला गेली. ऑर्व्हिलकडून आत्ता कळतंय, ती त्याची आई. तिचं नाव एथलिन. तुझी आजी, म्हणजे मी, पहिल्या बाकावर मिरवत होते आणि नवऱ्या मुलाची आई बशा उचलत होती, आणि तुला दोघी दिसत होत्या. तू मौन धरलंस. तुझं मौन माझ्यापेक्षा चांगलं, हे मान्य करते.

पोर माझ्याकडे राहिली तेवढ्यात ती मान धरायला लागली. रात्री माझा अंगठा असा घट्ट पकडून झोपायची की मला लघवीलाही उठता येत नव्हतं. उजवीकडे तोंड केलं की दूध ओकते, डावीकडे निजव. काल ऑर्व्हिल न्यायला आला. व्हाय म्हणाली, "देऊ नकोस गं, येऊ दे तिला स्वतः नाक घासत." मी म्हटलं, "पोर म्हणजे काय गहाण टाकलेलं पातेलं आहे?" अंघोळ घातली, पावडर लावली, तीन लंगोट जास्तीचे दिले आणि त्याच्या हातात दिली. गाडीत बसताना तो म्हणाला, "मिस आयसी, मी तिच्याशी बोलतो." मी म्हटलं, "तू गाडी बघून चालव. बोलायचं ते मी बोलेन."

तर बोलते. बाप्तिस्मा मे महिन्याच्या पहिल्या रविवारी आहे, हेही मला त्याच्याकडूनच कळलं. झगा मी उसवलेला नाही. मला आता तुझ्याशी कुत्र्यावरून भांडायचं नाही. कुत्रं राहील. पालीही राहतील. मला एकाच गोष्टीचं उत्तर हवंय. तुला आमची लाज वाटते का? माझी आणि त्या एथलिनची. वाटत असेल तर तुझ्या मोठ्या बाईंना धरू दे पोरीला. मी येणार नाही आणि पुन्हा विचारणारही नाही. त्या सुखाने धरोत, फक्त मानेखाली हात द्या म्हणावं. वाटत नसेल तर एथलिन आणि मी दोघी पहिल्या बाकावर बसू, आणि पोरीला त्या दिवशी दोघींतली जी मोठी निघेल ती धरेल. वय विचारून घे तिचं. मला वाटतं मीच.

मधलं काही लिहू नकोस. तब्येत, शाळा, हवा, पार्सन काय म्हणाला, ते मला नको. 'हो' आणि 'नाही' हे दोन्ही शब्द मला वाचता येतात, तेवढी मी शिकले आहे.

ऑर्व्हिलने एक ओळ लिहायची नाही, त्याला जे सांगायचं होतं ते त्याने माझ्या व्हरांड्यात सांगितलंय. शाळेचा टाइपरायटर शाळेत राहू दे. उत्तर तू द्यायचंस, नोव्हलेट, तुझ्या हाताने, शाईने, आणि खाली तुझं स्वतःचं नाव.

आयसिल्डा